तिन्हीसांजेची पुस्तकं

माझी भाची नववीत आहे. सुट्टीला आली की ती माझ्या पुस्तकांच्या कपाटासमोर मांडी घालून बसते आणि नावं वाचत सुटते. या वेळी मात्र तिनं कपाटाकडे पाठ केली आणि म्हणाली, "मावशी, मला खूप भीती वाटेल असं काहीतरी दे. पण लहान मुलांचं नको. आणि मोठ्यांचं पण नको."

या दोन 'नको'च्या मधे जी चिंचोळी जागा उरते, तिच्यात काय काय राहतं याचा मी तेव्हापासून विचार करते आहे. आणि मला राहून राहून नवल वाटतं, कारण आपल्याकडच्या भुतांची वस्ती नेमकी तिथेच आहे. मुंजा घ्या. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत जो मुलगा गेला, तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो, असं आपल्या आज्या सांगत आल्या. त्याचं बालपण संपलेलं आहे आणि पुढचं काही सुरू झालेलं नाही. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. समंध म्हणजे ज्याचा जीव इथेच कशात तरी अडकला तो. चकवा लागतो तो निघालेलं गाव मागे पडल्यावर आणि जायचं गाव यायच्या आत. तिन्हीसांजेला उंबरठ्यावर बसू नये म्हणतात, कारण ती वेळही मधलीच आणि ती जागाही मधलीच. नरसिंहानं हिरण्यकशिपूला गाठलं तेसुद्धा तिथेच.

भूत म्हणजे मधे अडकलेलं कुणीतरी. आणि चौदा वर्षांचं मूल? आवाज धड लहान मुलाचा राहिलेला नाही, मनगटं बाहीच्या बाहेर आली आहेत, घरात काम सांगताना ते मोठं असतं आणि मत मांडताना लहान. हे दोघं समोरासमोर आले की एकमेकांना ओळखणारच. त्या वयाला भुताच्या गोष्टींची जी ओढ लागते, तिचं मूळ मला या ओळखीत दिसतं. म्हणून भाचीसाठी पुस्तकं काढताना मी एकच कसोटी लावली: यातलं भूत कशाच्या मधे अडकलं आहे, आणि ते तिला ओळखीचं वाटेल का?

पण त्याआधी एका साध्या गोष्टीपाशी थांबायला हवं, कारण ती साधी नाही. कागदावर काळी शाई असते. तिला आवाज नाही, हालचाल नाही, सावली नाही. ती वाचून माणसाच्या हातावर काटा कसा उभा राहतो?

आपल्या प्रत्येक केसाच्या मुळाशी एक अगदी बारीक स्नायू असतो. मेंदूला धोक्याची चाहूल लागली की आपल्या इच्छेला न जुमानणाऱ्या मज्जातंतूंमधून निरोप जातो, तो स्नायू आखडतो आणि केस ताठ उभा राहतो. कुत्रं समोर आल्यावर मांजर अंग फुलवून दुप्पट दिसतं, ते याच यंत्रणेमुळे. आपल्या अंगावर आता फुलवण्याइतके केस उरले नाहीत, पण यंत्रणा तशीच राहिली आहे. २०२० साली हार्वर्ड आणि तैवानमधल्या संशोधकांनी उंदरांवर अभ्यास करून दाखवलं, की काटा आणणारा हा स्नायू आणि त्याचा मज्जातंतू मिळून केसाच्या मुळातल्या मूलपेशींनाही जागं करतात, नवा केस उगवायला लावतात. म्हणजे ज्या तारेवरून 'घाबर' असा निरोप जातो, तिच्यावरूनच 'वाढ' असाही निरोप जातो. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसले होते.

आपल्या नाट्यशास्त्रानं या शरीराची नोंद फार पूर्वी घेतली. भयानक हा रस, भय हा त्याचा स्थायीभाव आणि काळा त्याचा रंग. आणि आठ सात्त्विक भावांची यादी बघा: जागच्या जागी थिजणं, घाम, रोमांच, आवाज कापरा होणं, थरथर, चेहरा उतरणं, अश्रू, शुद्ध हरपणं. घाबरलेल्या माणसाची तपासणी करणारा डॉक्टर आज जे टिपून घेईल, त्यातलं बहुतेक सगळं तिथे आहे. शिवाय रोमांच हा शब्द आपण भीतीलाही वापरतो आणि आनंदालाही. भाषेला ठाऊक होतं की दोन्हींचा काटा एकच.

मग गोडी कुठे लागते? डेन्मार्कमध्ये ऑर्हूस विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या एका 'भुताच्या घरा'त शिरणाऱ्या ११० जणांच्या छातीवर हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावली आणि मग त्यांना विचारलं, किती भीती वाटली आणि किती मजा आली. भीती वाढत गेली तशी मजाही वाढली, पण एका टोकापर्यंतच. त्यापुढे भीती वाढली की मजा ओसरू लागली. फोडणीत हिंग असतो तसं हे प्रमाण आहे, आणि प्रत्येकाची चिमूट वेगळी.

इथेच पुस्तक सिनेमाहून फार वेगळं पडतं. सिनेमा आपल्या वेगानं पुढे जातो. घाबरलेला माणूस डोळे मिटून घेऊ शकतो, पण कानावर आदळणारं थांबवू शकत नाही. पुस्तकात मात्र चिमूट वाचणाऱ्याच्या हातात असते. तो थांबला की भूतही थांबतं, पाऊल उचललेल्या अवस्थेत. पान मिटून स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन येता येतं. आणि परत उघडल्यावर दिसणारा चेहरा लेखकानं काढलेला नसतो. लेखक दोन-तीन रेघा देतो, उरलेलं ज्याचं त्याचं मन भरतं, आणि मन भरतं ते आपल्याच कोठारातून. त्यामुळे एकाच पुस्तकातलं भूत दोन मुलांना सारखं दिसत नाही.

मी भाचीला पहिलं पुस्तक दिलं ते जोनाथन स्ट्राउडचं, 'लॉकवुड अँड कंपनी' मालिकेतलं. २०१३ ते २०१७ या काळात आलेली ही पाच पुस्तकं. त्यातल्या लंडनमध्ये मेलेली माणसं परत यायला लागून पन्नासएक वर्षं झाली आहेत. त्यांचा स्पर्श झाला तर माणूस मरतो. पण ती दिसतात, ऐकू येतात ती फक्त मुलांना. वय वाढलं की ती शक्ती विझत जाते. म्हणून मोठी माणसं रात्री दारं लावून घरात बसतात आणि तेरा-चौदा वर्षांची मुलं तलवारी घेऊन भुतांच्या घरांत शिरतात. तीन मुलांची एक छोटी कंपनी आहे, तिच्यावर कुणी मोठं माणूस नाही, आणि लूसी कार्लाइल नावाची मुलगी गोष्ट सांगते. तिला मेलेल्यांचे आवाज ऐकू येतात.

या कल्पनेचा ठाव लागायला मला थोडा वेळ लागला. घरात काहीतरी बिनसलेलं आहे हे मुलांना आधी कळतं आणि मोठे म्हणतात, काही नाही, झोप. हे सगळ्या घरांत घडत आलं आहे. स्ट्राउडनं फक्त त्याचा एक अख्खा देश केला. शिवाय त्या मुलांची हत्यारं बघून मराठी वाचकाला आपल्या घरात आल्यासारखं वाटेल: लोखंडाच्या साखळ्या आणि मीठ. आपल्याकडे बाळाच्या उशाशी लोखंडाची वस्तू ठेवत, मीठ-मोहरीनं दृष्ट काढत. लंडनच्या लेखकाला आपली आजी माहीत नसणार. तरी दोन टोकांच्या लोकांनी अंधाराविरुद्ध तीच दोन साधनं का निवडली असतील? मीठ सडणं थांबवतं आणि लोखंड म्हणजे नांगराचा फाळ, विळा, सुरी. जे जगण्याच्या बाजूचं, ते मरणाला आडवं घालायचं. मला तरी हे असंच दिसतं. बारा वर्षांच्या पुढच्या कुणाच्याही हातात ही मालिका निर्धास्तपणे द्यावी. तिच्यात भीतीच्या खांद्याला खांदा लावून मैत्री आहे, आणि रात्रीच्या कामाआधी चहा आणि बिस्किटं आहेत.

दुसरं पुस्तक जुनं आहे. रे ब्रॅडबरी यांचं 'समथिंग विकेड धिस वे कम्स', १९६२ सालचं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं एक लहान गाव, ऑक्टोबर महिना. विल आणि जिम हे शेजारी राहणारे जिवलग मित्र, चौदाव्या वर्षाच्या तोंडावर आलेले. एक मध्यरात्रीच्या एक मिनिट आधी जन्मलेला, दुसरा एक मिनिट नंतर. पहाटे तीनला एक आगगाडी येते आणि गावाबाहेर जत्रा उतरते. त्या जत्रेत गोल फिरणाऱ्या घोड्यांचं चक्र आहे. ते पुढे फिरलं की दर फेरीला बसणाऱ्याचं वय एका वर्षानं वाढतं. मागे फिरलं की एका वर्षानं घटतं, आणि तेव्हा त्याचं वाद्य अंत्ययात्रेची धून उलटी वाजवतं.

या एका यंत्राबद्दल मी तासभर बोलू शकते. जिमला त्यावर बसायचं आहे, कारण त्याला उद्याच मोठं व्हायचं आहे. विलला बसायचं नाही, कारण जिम त्याच्या पुढे निघून जाईल. आणि विलच्या वडिलांना, जे चोपन्न वर्षांचे आहेत आणि गावच्या वाचनालयात रात्री झाडलोट करतात, उलट्या फेऱ्यांचा मोह पडतो. एकाच चक्रासमोर बाप आणि मुलगा उभे आहेत, दोघंही भ्यालेले, दोघांची भीती वेगळ्या दिशेची. बापही मुलाइतकाच घाबरलेला असतो हे मुलाला कळणं, हा या पुस्तकातला मला सर्वांत थरारक वाटणारा क्षण आहे, आणि त्यात एकही भूत नाही. ब्रॅडबरींची भाषा मात्र दाट आहे, कवितेसारखी लयीत चालणारी. ज्याला गोष्ट भराभर पुढे जायला हवी, त्याच्यासाठी हे पुस्तक लगेच नको. मोठ्यानं वाचून दाखवलं तर ते उघडतं.

आता ज्या पुस्तकासाठी हा सगळा लेख मी लिहायला घेतला, त्याकडे येते.

शिवॉन डाउड या लेखिकेला एक गोष्ट सुचली होती. तिनं पात्रं ठरवली, सुरुवात लिहिली, आणि २००७ साली वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कर्करोगानं ती गेली. तिनं मागे ठेवलेलं ते बीज पॅट्रिक नेस या लेखकाकडे आलं. दोघं कधी भेटलेही नव्हते. नेसनं त्याचं झाड केलं: 'अ मॉन्स्टर कॉल्स', २०११. जिम के या चित्रकारानं पानांच्या कडांवरून काळी शाई अशी सोडली आहे की ती मजकुरात घुसेल असं वाटतं. पुढच्या वर्षी लेखनासाठीचं कार्नेगी पदक आणि चित्रांसाठीचं केट ग्रीनवे पदक ही दोन्ही या एकाच पुस्तकाला मिळाली. तसं त्याआधी कधी घडलं नव्हतं.

कॉनर तेरा वर्षांचा आहे. त्याची आई आजारी आहे. मध्यरात्रीनंतर बारा वाजून सात मिनिटांनी घरामागच्या टेकडीवरचं यू नावाचं झाड उठून चालत येतं आणि त्याच्या खिडकीत वाकतं. ते म्हणतं, मी तुला तीन गोष्टी सांगेन, आणि चौथी तू मला सांगायचीस. चौथी गोष्ट म्हणजे कॉनरनं कुणालाही न सांगितलेलं खरं. कॉनरला त्या झाडाची फारशी भीती वाटत नाही. त्यानं याहून भयंकर काहीतरी रोज रात्री स्वप्नात पाहिलेलं असतं. ते काय, हे मी इथे सांगणार नाही. एवढंच म्हणते की आजारी माणसाची सेवा केलेल्या प्रत्येकाच्या मनात तो विचार कधीतरी येऊन गेलेला असतो, आणि प्रत्येकाला वाटतं की तो फक्त आपल्याच मनात आला.

झाड यूचंच का? इंग्लंडमध्ये चर्चच्या आवारात, थडग्यांच्या शेजारी हे झाड पिढ्यान्पिढ्या उभं असतं. ते शेकडो वर्षं जगतं. त्याच्या तांबड्या मांसल फळाचा गर सोडला तर जवळजवळ प्रत्येक भाग विषारी आहे. थोडक्यात, तेही मधलंच झाड, मेलेल्यांच्या आवारात हिरवंगार. आणि कादंबरीत कॉनरच्या आईवरचे बाकीचे उपाय थकतात तेव्हा डॉक्टर जे औषध देतात, ते यूपासून बनवलेलं असतं.

हे लेखकाच्या कल्पनेतलं नाही. ऑगस्ट १९६२ मध्ये आर्थर बार्कले या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानं वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू या झाडाच्या सालीचे नमुने गोळा केले. सरकारी मोहीम होती: वनस्पतींमध्ये कर्करोगावर काही सापडतं का ते बघायचं. ती साल पुढे नॉर्थ कॅरोलायनातल्या एका प्रयोगशाळेत पोचली. तिथे मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी तिच्यातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि १९७१ साली त्याची रचना जगासमोर मांडली. तेच टॅक्सॉल. पेशी दुभंगताना आत बारीक नळ्यांचा एक सांगाडा उभा राहतो आणि काम झालं की मोडतो. टॅक्सॉल तो मोडूच देत नाही, त्यामुळे कर्करोगाची पेशी दुभंगण्याच्या मधेच अडकते आणि मरते. स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगावर हे औषध आज जगभर दिलं जातं.

यातले मनसुख वाणी १९२५ साली नंदुरबारला जन्मले. शिक्षण मुंबई विद्यापीठात, मग अमेरिका. ज्या झाडाला एका कादंबरीकारानं राक्षस करून मुलाच्या खिडकीशी आणलं, त्याच्याच एका चुलत भावाच्या सालीतून औषध शोधणाऱ्या दोन हातांपैकी एक हात खानदेशातला होता. याच जोडीनं त्याआधी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे दुसरं कर्करोगविरोधी द्रव्य शोधलं होतं, आणि ते पुढे आपल्या सह्याद्रीतल्या एका झुडपातही सापडलं. त्या झुडपाचं मराठी नाव नरक्या. विष, औषध, नरक, राक्षस: नावं आणि कामं कशी एकमेकांत मिसळून गेली आहेत!

आणखी एक गोष्ट. पॅसिफिक यूची साल सोलली की झाड मरतं. एका आजाऱ्यासाठी झाडं पाडावी लागायची. पुढे रसायनशास्त्रज्ञांना युरोपातल्या यूच्या पानांमधून तयारीचा कच्चा माल मिळवण्याची वाट सापडली, आणि पानं तर तोडली तरी पुन्हा येतात. चर्चच्या आवारातलं ते झाड आता न मरता औषध देतं. कॉनरच्या खिडकीत वाकलेलं झाड हेच.

हे पुस्तक मी भाचीला दिलं नाही. तिला घेऊन बसले आणि दोन रात्रींत आम्ही ते मिळून वाचलं. घरात कुणी आजारी असेल, किंवा नुकतंच कुणी गेलं असेल, तर मोठ्या माणसानं ते आधी एकट्यानं वाचावं आणि मग ठरवावं. पण दडवून मात्र ठेवू नये.

ब्रॅडबरींचं पुस्तक आलं त्याच १९६२ साली शर्ली जॅक्सन यांची 'वी हॅव ऑलवेज लिव्ड इन द कॅसल' आली. गोष्ट सांगणारी मेरीकॅट अठरा वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वी तिच्या घरातली बरीचशी माणसं जेवणाच्या टेबलावर साखरेतल्या सोमलानं मेली, आणि आता ती, तिची बहीण आणि व्हीलचेअरमधले काका गावाच्या तिरस्कारापासून दूर एका मोठ्या घरात राहतात. ती बोलते गोड, आणि तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही. हे दहावी झाल्यावर वाचावं. याहून जास्त काही सांगितलं तर पुस्तक बिघडेल.

आणि मराठीत? रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली चेटकीण तीन पिढ्यांच्या मुलांनी पाहिली. आधी दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेली, अलीकडे वैभव मांगले यांनी. त्याच मतकरींनी 'खेकडा'सारख्या गूढकथा लिहिल्या, ज्या वाचून मोठी माणसं रात्री दिवा चालू ठेवून झोपली. एकाच माणसाकडे दोन्ही टोकं होती. नारायण धारपांनी तर शंभराहून अधिक पुस्तकं लिहिली आणि वाचनालयांमधून त्यांची पानं सुटेपर्यंत ती फिरली. २०१८ सालच्या 'तुंबाड' या चित्रपटाच्या मुळाशीही त्यांच्या कथेचं बीज आहे. पण चेटकीण आणि 'खेकडा' यांच्या मधे, बारा ते सोळा या वयासाठी खास लिहिलेली भयकादंबरी आपल्याकडे फार थोडी आहे, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्या भाषेनं मुंजा घडवला, त्या भाषेत मुंजाच्या वयाच्या वाचकाला थेट धारपांकडे उडी मारावी लागते. तशी मारावी, मी स्वतः तेराव्या वर्षी मारली होती. धारपांच्या 'समर्थ' या पात्राच्या कथांनी सुरुवात करायला सांगेन, कारण तिथे अंधारात शिरताना पुढे कुणीतरी चालत असतं. तरी मधली ती फळी कुणीतरी भरायला हवी.

शेवटचं पुस्तक सगळ्यांत जुनं, आणि सगळ्यांत कठीण. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी ते मी तिच्यासमोर ठेवलं आणि पुस्तकाऐवजी त्याच्या जन्माची गोष्ट सांगितली.

१० एप्रिल १८१५ ला इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावर तांबोरा हा ज्वालामुखी फुटला. त्याची धूळ आणि गंधकाचं धुकं वातावरणात इतकं उंच गेलं की पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. जून १८१६. जिनिव्हाच्या तळ्याकाठी काही इंग्रज तरुण पावसामुळे घरात कोंडले गेले. कवी बायरन अठ्ठावीस वर्षांचा, कवी शेली तेवीस, बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी वीस. आणि शेलीबरोबर आलेली मेरी. तिची आई तिला जन्म दिल्यावर अकरा दिवसांत वारली होती. तिचं स्वतःचं पहिलं बाळ आदल्याच वर्षी गेलं होतं, आणि तिनं रोजनिशीत लिहून ठेवलं होतं की बाळाला शेकोटीपाशी चोळल्यावर ते पुन्हा जिवंत झालं, असं स्वप्न तिला पडलं. ती मंडळी रात्री फ्रेंचमध्ये आलेल्या जर्मन भुताच्या गोष्टी एकमेकांना वाचून दाखवत. बायरन म्हणाला, आपण प्रत्येकानं एक लिहूया. पॉलिडोरीच्या हातून रक्तपिशाच्चाची गोष्ट आली, जिच्या वंशात पुढे ड्रॅक्युला जन्मला. मेरीला काही सुचेना. मग एका रात्री, विजेनं मृत शरीरात हालचाल आणता येते का यावरच्या गप्पा ऐकून ती अंथरुणावर पडली आणि जागेपणीच तिला दिसलं: एक तरुण विद्यार्थी स्वतः जोडलेल्या देहाशेजारी गुडघे टेकून बसला आहे, आणि तो देह हलतो आहे. डोळे उघडले तेव्हा खिडकीच्या झडपांमधून चांदणं आत येत होतं.

'फ्रँकेन्स्टाइन' १ जानेवारी १८१८ ला लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. पाचशे प्रती, लेखिकेचं नाव नाही. इकडे भीमेकाठी कोरेगावची लढाई चालू होती तो दिवस. त्या पुस्तकातल्या प्राण्याला लोक राक्षस म्हणतात, पण त्याला नाव नाही. ज्यानं त्याला घडवलं तो पहिल्याच नजरेत घाबरून पळून गेला. आठ फूट उंचीचा तो देह एका झोपडीशेजारी लपून, भिंतीच्या फटीतून एका कुटुंबाकडे बघत बोलायला शिकतो, जंगलात सापडलेली पुस्तकं वाचतो, आणि तळ्याच्या पाण्यात स्वतःचा चेहरा पाहून दचकतो. आपलंच शरीर आपल्याला परकं वाटणं, आणि ज्यांनी जन्म दिला त्यांनी तोंड फिरवणं. दोनशे वर्षं झाली, पण त्या वयाची भीती इतकी नेमकी कुणी पकडलेली मला तरी माहीत नाही.

मेरीनं चांदण्याची ती आठवण १८३१ सालच्या आवृत्तीत लिहिली. नंतर काही अभ्यासकांनी शंका घेतली, की हे तिनं मागाहून रचलेलं असावं. मग टेक्सास स्टेट विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन आणि त्यांचे सहकारी जिनिव्हाला गेले. घरामागचा चढ किती आहे ते त्यांनी मोजलं, जून १८१६ मधल्या चंद्राची गणितं मांडली, आणि २०११ साली सांगितलं: १६ जूनच्या पहाटे, दोन वाजायच्या सुमारास चंद्र त्या चढाच्या वर आला असणार आणि उजेड खिडकीवर पडला असणार. तिचं स्वप्न दोन ते तीनच्या मधलं.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे तिच्या बाजूनं चंद्रानं साक्ष दिली."

"हो."

"तेव्हा ती किती वर्षांची होती, ते तू सांगितलंच नाहीस."

"अठरा."

तिनं पुस्तक उचललं, उघडलं नाही. बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे मला अजून चार वर्षं आहेत," ती म्हणाली, आणि कोऱ्या कागदांची वही कुठे आहे ते विचारलं.